पाठीतली पट्टी: लाल विचार आपल्या तालुक्यात कुठल्या वाटेनं आला, ते शोधायचं कसं

कोल्हापुरात गंगावेशीत माझं बाइंडिंगचं दुकान आहे. वडिलांनी 1958 साली सुरू केलं, आता मी चालवते. शाळांची हजेरीपत्रकं, वकिलांची बुकं, वाचनालयांची फाटलेली पुस्तकं, अडत्यांच्या चोपड्या, सगळं माझ्या हातून जातं. रविवारी संध्याकाळी अर्धं शटर ओढून आम्ही सात-आठ जण बसतो आणि एकाच प्रश्नावर काम करतो. लाल बावट्याचा, म्हणजे समाजवादी-कम्युनिस्ट, विचार आपल्या जिल्ह्यात, जिथून समुद्र दिसतसुद्धा नाही अशा गावांत, नेमका कुठल्या वाटेनं पोचला? गडहिंग्लजच्या, इस्लामपूरच्या, बार्शीच्या लोकांनी मला विचारलं की आम्हाला आमच्याकडचं शोधायचंय, सुरुवात कुठून करू. त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहिते.

सुरुवात हातातल्या एका कागदापासून करा. आधी सगळी पुस्तकं वाचून काढू, मग शोधू, असं ठरवणारे पुस्तकांतच अडकतात. माझ्याकडे पहिला कागद असा आला: शाहूपुरीतल्या गुळाच्या एका अडत्याच्या नातवानं आजोबांची खतावणी दुरुस्तीला आणली. लाल कापडाची लांबोडकी चोपडी, जुजबंदी (घडीघडीनं दोऱ्यानं) शिवलेली, पण पाठ पार सुटलेली. कापड उचललं तर आत अस्तर म्हणून छापील कागदाची चार बोटं रुंद पट्टी चिकटवलेली. पूर्वीचे बाइंडर पाठीला कोरा कागद वाया घालवत नसत, छापखान्यातली रद्दी लावत. पट्टीवर ओळी अर्ध्या तुटलेल्या होत्या. ‘गिरणी काम’, ‘संप चालू’, ‘मुकादमाच्या’ आणि तळाला ‘परळ’. बाकी सगळं कात्रीत गेलेलं.

असा कागद दिसला तर ब्लेड लावू नका. जुनी खळ गव्हाच्या पिठाची, वाळवी लागू नये म्हणून मोरचूद घातलेली. ती पाण्यानं सुटते. स्वच्छ फडकं ओलं करून घट्ट पिळा आणि पट्टीवर दहा मिनिटं नुसतं ठेवा. कडेनं कागद आपोआप उचलला जायला लागला की बोथट हाडाच्या पट्टीनं सरकवत न्या. छापाची शाई तेलाची असते, ती पाण्यानं पसरत नाही. पण हाताची शाई किंवा रबरी शिक्का असेल तर आधी कोपऱ्यावर ओल्या कापसाचा एक ठिपका टेकवून बघा. रंग उतरला तर थांबा आणि कागद आहे तसा जागेवरच वाचा. सुटलेली पट्टी दोन टीपकागदांत घालून वजनाखाली ठेवा, उन्हात वाळवू नका.

मग मजकुराच्या आधी तळ वाचा. ब्रिटिश हद्दीत 1867 च्या कायद्यानं प्रत्येक छापील कागदावर मुद्रकाचं नाव आणि छापण्याची जागा टाकणं सक्तीचं होतं. पत्रक काय म्हणतं ते लेखकाच्या मनात असतं, पण ते कुणाच्या यंत्रावर चढलं हे तळाच्या ओळीत असतं. तीच ओळ तुम्हाला एखाद्या गल्लीपर्यंत नेते. त्यासोबत किंमत, ग्रंथालयाचा शिक्का, पोस्टाचा शिक्का, घडीच्या खुणा, सगळं वहीत उतरवून घ्या. घडी चार वेळा पडलेली असेल तर तो कागद खिशातून आलाय. गुंडाळी असेल तर पोस्टानं.

इथं मी सुरुवातीला मोठी चूक केली, ती तुम्ही करू नका. पट्टी मिळाल्यावर मी सगळ्यांना सांगत सुटले की बघा, गिरणगावचा विचार गुळाच्या पेढीपर्यंत पोचला होता. आमच्यातल्या एका निवृत्त शिक्षकांनी शांतपणे विचारलं, “बाई, कागद पोचला. अडत्यानं तो वाचला कुठे?” खरंच होतं. चोपडी मुंबईत बांधली गेली, रद्दी पाठीत गेली, गुळाच्या व्यवहाराबरोबर चोपडी कोल्हापूरला आली. अडत्याच्या हाताखाली पन्नास वर्षं ती पट्टी होती आणि त्याला पत्ताही नव्हता. कागद पोचणं आणि विचार पोचणं यात हे एवढं अंतर असतं. त्यामुळे आम्ही आता नियम केलाय: कागदाला जोडून माणूस सापडला पाहिजे आणि त्या माणसामुळे गावात कुणीतरी काहीतरी वेगळं केलेलं सापडलं पाहिजे. तोवर वहीत ‘पोचला’ हा शब्द लिहायचा नाही.

माणूस शोधायचा तर हा विचार जिथं उतरला ते बंदर समजून घ्यावं लागतं. आमच्या गटातल्या तरुण मुलांना वाटायचं की हे सगळं मॉस्कोतून निघालं आणि सरळ मुंबईत आलं. तसं झालेलं नाही. 1869 मध्ये सुएझचा कालवा उघडला आणि युरोप ते मुंबई हे अंतर एकदम आटलं. त्या वाटेवरच्या प्रत्येक बंदरात नाना देशांची, नाना भाषांची कष्टकरी माणसं शेजारीशेजारी राहत होती आणि रशियन क्रांतीच्या कितीतरी आधी त्यांच्यात ही चर्चा चालू होती. इजिप्तमधलं अलेक्झांड्रिया बघा. तिथं 1860 नंतर इटालियन कामगार आणि देश सोडावा लागलेले अराज्यवादी (कुठलीच राज्यसत्ता नको म्हणणारे) येऊन राहिले. परदेशी माणसाला त्याच्या वकिलातीचं संरक्षण होतं, स्थानिक पोलिसांना त्याला सहज उचलता येत नसे. त्यामुळे तिथं बोलायला जागा मिळाली. 1901 मध्ये तिथं लोकांसाठी मोफत विद्यापीठ निघालं, मजुरांसाठी व्याख्यानं व्हायला लागली. त्याच सुमाराला कैरोत सिगारेटी वळणाऱ्या कामगारांचा मोठा संप झाला, त्यात ग्रीक कारागीर पुढे होते. सलोनिकात (आजच्या ग्रीसमधल्या थेस्सालोनिकीत) 1909 मध्ये कामगार संघटना निघाली, तिनं आपलं पत्र चार भाषांत काढलं: लादिनो (तिथल्या ज्यूंची स्पॅनिश वळणाची भाषा), बल्गेरियन, ग्रीक आणि तुर्की. एकाच शहराच्या कामगारांसाठी चार भाषा! मला हे वाचून परळ आठवलं. तिथंही मराठी, गुजराती, उर्दू, हिंदी, तेलुगू बोलणारी माणसं एकाच गिरणीच्या गेटवर उभी असायची.

बैरुतचं उदाहरण मी गटात नेहमी सांगते. ऑक्टोबर 1909 मध्ये बार्सिलोनात फ्रान्सिस्को फेरेर या शिक्षकाला गोळ्या घालून मारलं. धर्मसत्तेपासून मोकळ्या शाळा चालवणारा हा माणूस. काही दिवसांतच भूमध्य समुद्राच्या दुसऱ्या टोकाला, बैरुतमध्ये, अरबीतून त्याच्यावर नाटक उभं राहिलं. तार, वर्तमानपत्र आणि रंगमंच, एवढ्या तीन उड्यांत ती बातमी वाचता न येणाऱ्यापर्यंत गेली. म्हणून माझा सल्ला असा की आपल्याकडेही छापील कागदाइतकंच कलापथकांच्या मागे लागा. वाटेगावचे अण्णा भाऊ साठे मुंबईत गिरणगावात वाढले, अमर शेख आणि गव्हाणकरांबरोबर लाल बावटा कलापथक उभं केलं आणि स्टालिनग्राडच्या लढाईवर पोवाडा रचला. हजारो मैलांवरच्या नदीकाठची लढाई आपल्या डफावर आली. तुमच्या गावच्या जत्रेत, तालमीत, गणपतीत असं कलापथक कधी आलं होतं, कुणाच्या ओसरीवर उतरलं, जेवण कुणी घातलं, हे विचारा. ओसरीचा मालक हाच बहुतेक वेळा तुमचा माणूस निघतो.

मुंबईत मात्र अलेक्झांड्रियासारखी मोकळीक नव्हती. इथं सरकारनं विचाराला जकातीवर अडवलं. कम्युनिस्ट पुढारी मानवेंद्रनाथ रॉय बर्लिनहून 1922 पासून पत्र काढत, ते सागरी जकात कायद्याखाली धक्क्यावरच जप्त व्हायचं, चोरटा माल पकडावा तसं. मग ते कोण आणणार? खलाशी. अमीर हैदर खान हे नाव लिहून ठेवा. रावळपिंडीकडचा पोरगा, 1914 च्या सुमाराला मुंबईच्या गोदीतून जहाजावर कामाला लागला. अमेरिकेत गदर पक्षाच्या (इंग्रजांविरुद्ध लढणाऱ्या परदेशातल्या भारतीयांच्या) लोकांना भेटला, तिथं कारखान्यात राबला, पुढं मॉस्कोत शिकला आणि 1928 मध्ये परत मुंबईच्याच धक्क्यावर उतरला, यावेळी कामगार चळवळीत. त्याच वर्षाच्या शेवटी बर्लिनहून रसायनशास्त्राची डॉक्टरेट घेऊन गंगाधर अधिकारी उतरले. आणि दुसऱ्या बाजूला शहरातच एक पिठाच्या गिरणीचा मालक, रणछोडदास लोटवाला, आपल्या ग्रंथसंग्रहाचं दार पुढं कम्युनिस्ट पुढारी झालेल्या श्रीपाद अमृत डांग्यांसारख्या तरुणांना उघडं ठेवून बसलेला. ऑगस्ट 1922 मध्ये डांग्यांनी इंग्रजी साप्ताहिक काढलं, 1927 मध्ये ‘क्रांती’ हे मराठी पत्र निघालं. माझ्या मते आपल्या शोधासाठी हेच वर्ष सर्वांत महत्त्वाचं, कारण मराठीत आल्याशिवाय तो विचार मिरजेच्या पुढं सरकणार नव्हता.

आता मुंबई ते आपलं गाव. कोल्हापूरला रेल्वे 1891 मध्ये आली, मिरजेला गाडी बदलून मुंबईला जाता यायला लागलं. आजरा, भुदरगड, गडहिंग्लज, चंदगड या भागांतून माणसं गिरण्यांत गेली. गाळ्यात दहा-पंधरा जण, पाळीनं झोपायचं, गावाकडच्याच बाईची खानावळ. एप्रिल ते ऑक्टोबर 1928 सहा महिने गिरण्या बंद राहिल्या, दीड लाखाच्या आसपास कामगार संपावर होते. गिरणी कामगार युनियनची सभासदसंख्या त्या वर्षअखेर 50 हजारांच्या वर गेली. एवढ्या लोकांनी सहा महिने मुंबईत खायचं काय? हजारो जण गावी गेले. तेव्हा लाल विचार कोकणात आणि देशावर उतरला तो प्रचारकांबरोबर कमी आणि रिकाम्या खिशानं घरी आलेल्या माणसांबरोबर जास्त, असं मला वाटतं.

म्हणून म्हाताऱ्या माणसांशी बोलायला जाल तेव्हा “तुमच्या घरात कम्युनिस्ट कोण होतं?” असं कधीच विचारू नका. माणूस दचकतो, नाहीतर तुम्हाला हवं ते उत्तर देतो. मुंबईत खोली कुठल्या चाळीत होती, खानावळ कुणाची, गिरणी कुठली, खातं कुठलं, साचा (विणकाम) की रिंग (सूतकताई), असं विचारा. आणि सगळ्यात उपयोगी प्रश्न: मनिऑर्डर कधी बंद झाली होती? बायकांना हे पक्कं आठवतं, कारण त्या महिन्यांत चूल त्यांनी चालवली. उत्तरावरून संप ओळखता येतो. सहा महिने म्हणाल्या आणि सासऱ्याची गोष्ट असेल तर 1928. दीड महिना असेल तर 1974 चा, तो 42 दिवस चालला. बंद झाली ती परत सुरूच झाली नाही असं म्हणाल्या तर 18 जानेवारी 1982.

आजऱ्याकडच्या एका आजीनं मला चहा देता देता सांगितलं, “आमचं मामंजी सांगायचं, सा म्हयनं गिरणी बंद हुती. गावाकडं आल्तं, पर गप बसलं न्हाईत. देवळात बसून पोरास्नी पेपर वाचून दावायचं. त्या सुगीला गड्यांनी सगळ्यांनी मिळून एकच मजुरी मागितली. एकट्या-एकट्यानं कोण गेलंच न्हाई मालकाकडं.” मग त्यांनी माळ्यावरनं पत्र्याची डबी काढायला लावली. लग्नपत्रिका, कुळाचा जुना उतारा आणि खाली चार घड्या पडलेली युनियनची वर्गणीची पावती. मी ती पावती हातात धरली तेव्हा माझे हात थरथरत होते. कागद, माणूस आणि एका सुगीत बदललेली रीत, तिन्ही एका घरात. त्या दिवशी मी पहिल्यांदा वहीत ‘पोचला’ असं लिहिलं.

आजींचं बोलणं लिहून घेताना त्यांच्या शब्दांना हात लावू नका. ‘पेपर वाचून दावायचं’ याचं ‘जनजागृती करत असत’ केलंत की पुरावा गेला. शब्द हाच पुरावा असतो, आणि बंदरातून आलेल्या शब्दांचा माग काढणं हा माझा सर्वांत आवडता भाग आहे. ‘पगार’ पोर्तुगीजांच्या जहाजातून आला. ‘कॉम्रेड’चं मूळ स्पॅनिशमध्ये आहे, एका खोलीत राहणारा सोबती. परळच्या गाळ्यात राहून आलेल्याला याहून नेमका शब्द कुठला असणार? ‘संप’ गुजरातीत अजून एकोपा या अर्थानं वापरतात, आपल्याकडं त्या एकोप्याचाच अर्थ ‘काम बंद’ असा झाला. आणि अरबीत समाजवादाला शब्द घडवायचा होता तेव्हा बैरुत-कैरोच्या लेखकांनी ‘इश्तिराकिय्या’ उचलला, वाटेकरी होणं या अर्थाच्या धातूपासून. त्याच धातूतला ‘शरीक’ आपण रोज बोलतो. तुमच्या गावात कम्युनिस्टांना काय म्हणायचे, शेकापच्या (शेतकरी कामगार पक्षाच्या) माणसाला ‘भाई’ कधीपासून म्हणायला लागले, ‘मजूर’ जाऊन ‘कामगार’ कधी आलं, याची एक वेगळी वही करा. लग्नपत्रिका, सभेचे हँडबिल, शोकसभेचे निरोप, यांत हे शब्द तारखेसकट सापडतात.

सरकारी दप्तराबद्दल थोडक्यात. आपलं कोल्हापूर 1 मार्च 1949 पर्यंत संस्थान होतं. त्यामुळे कागद दोन ठिकाणी विभागलेत: संस्थानचे कोल्हापूरच्या पुरालेखागारात, मुंबई इलाख्याचे मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या राज्य पुराभिलेखात. मुंबईत पोलिसांचे गुप्त अहवाल बघा. 20 मार्च 1929 रोजी देशभर कम्युनिस्ट आणि कामगार पुढाऱ्यांची धरपकड होऊन मीरत कट खटला उभा राहिला, त्यात सरकारनं पुरावा म्हणून पत्रं, पत्रकं, भाषणांची टिपणं ढिगानं दाखल केली. ज्यांना हा विचार पुसायचा होता त्यांनीच तो जपून ठेवला. पण जपून वाचा. पोलिसाला प्रत्येक सभेत परकी पैसा दिसतो आणि प्रत्येक वक्ता पढवलेला वाटतो. तारीख, जागा, हजर माणसं, कुठल्या भाषेत बोलले, एवढं घ्या. हेतूबद्दल तो जे लिहितो ते बाजूला ठेवा. वाचनालयांत करवीर नगर वाचन मंदिर आणि शिवाजी विद्यापीठाचं ग्रंथालय, दोन्हीकडे जुनी नियतकालिकं मागा. आणि घाई करा. आमच्या जिल्ह्यातल्या एका वाचनालयानं जागा नाही म्हणून जुन्या साप्ताहिकांचे बांधीव खंड किलोवर विकले. मला दुसऱ्या दिवशी कळलं. त्यांतले काही माझ्या वडिलांनी शिवलेले होते.

आणखी एक गोष्ट, जी विसरली तर सगळा शोध वाकडा जातो. बंदरातून आलेला विचार इथं ओसाड माळावर पडला नाही. 24 सप्टेंबर 1873 रोजी पुण्यात सत्यशोधक समाज स्थापन झाला, 1911 मध्ये कोल्हापुरात. गिरणी कामगारांचे पहिले पुढारी नारायण मेघाजी लोखंडे त्याच सत्यशोधकांतले, ‘दीनबंधू’चे संपादक. शाहू महाराजांनी 1902 मध्ये संस्थानच्या नोकऱ्यांत मागासलेल्या वर्गांसाठी निम्म्या जागा राखल्या, वसतिगृहं उभी केली. खंडेराव बागल इथं ‘हंटर’ हे पत्र चालवत होते आणि त्यांचे चिरंजीव माधवराव पुढं प्रजा परिषदेत आणि शेतकरी चळवळीत आले. बिंदू चौकात उभे राहून बघा. माधवरावांच्या पुढाकारानं 9 डिसेंबर 1950 ला बसवलेले फुले आणि आंबेडकर यांचे पुतळे, तेही बाबासाहेब हयात असताना, आणि तिथंच लाल बावट्याचं कार्यालय. दोन्ही विचार एकाच चौकात आले, भांडले, एकमेकांकडून शिकले. कोल्हापूरचे कम्युनिस्ट नेते गोविंद पानसरे यांच्या बोलण्यात शाहू आणि मार्क्स शेजारी बसायचे ते उगीच नाही. फेब्रुवारी 2015 मध्ये त्यांच्यावर गोळ्या झाडल्या, त्या आठवड्यात आमचा गट पहिल्यांदा बसला. तेव्हा तुमच्या वहीत बंदराचं पान असेल तर त्याच्या समोरचं पान इथल्या जमिनीसाठी कोरं ठेवा आणि तेही तेवढंच भरा.

शेवटी सापडलेल्या कागदाचं काय करायचं. मूळ कागद घरच्यांकडेच राहू द्या, तुम्ही फोटो घ्या, दोन्ही बाजूंचा, शेजारी फूटपट्टी ठेवून. चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन तर अजिबात नको, ते परत सुटत नाही. नोंद पेन्सिलीनं करा: कुठं सापडला, कुणाच्या घरी, कधी, आधी कशाला चिकटलेला होता. अडत्याच्या खतावणीला मी नवी पाठ बसवली, मागच्या पुठ्ठ्याला आतून कागदी खिसा केला आणि ती परळची पट्टी नोंदीसकट त्यात घातली. खिशाची वरची बाजू चिकटवली नाही. नातू चोपडी न्यायला आला तेव्हा दुकानाच्या पायरीवरच बसला, पट्टी बाहेर काढली आणि तुटलेल्या ओळी मोठ्यानं वाचायला लागला.